बेस गिटारचे ध्वनिमुद्रण : थेट जोडणी, माइक आणि त्या दोघांमधला वेळ

बेस गिटारची मोकळी ई तार छेडली की तिचा मूळ स्वर ४१.२ हर्ट्झवर वाजतो. हवेत या स्वराची तरंगलांबी सुमारे ८.४ मीटर, म्हणजे साडेसत्तावीस फूट भरते. आपल्यापैकी बहुतेक जण ज्या दहा बाय बाराच्या खोलीत घरचे ध्वनिमुद्रण करतात, तिच्या लांबीच्या दुपटीहूनही हे अंतर जास्त आहे. बेस गिटारच्या ॲम्पपुढे माइक लावावा की गिटारची केबल थेट ऑडिओ इंटरफेसमध्ये, म्हणजे वाद्याचा संकेत संगणकात नेणाऱ्या पेटीत खोचावी, हे ठरवताना हा आकडा डोळ्यांसमोर ठेवलेला बरा. माइक लावला की स्पीकरबरोबर खोलीही ध्वनिमुद्रित होते, आणि इतक्या लांब लाटांच्या बाबतीत लहान खोली वाद्याइतकीच बोलते. थेट जोडणीत, म्हणजे ध्वनिमुद्रकांच्या बोलीतल्या ‘डीआय’मध्ये, खोली येत नाही. पण मग ॲम्प आणि स्पीकरही येत नाहीत, आणि रॉक, ब्लूज किंवा फंक ऐकून तयार झालेल्या कानाला बेसचा जो आवाज ओळखीचा वाटतो, तो बराचसा या दोघांनीच घडवलेला असतो.

माझे मत आधीच सांगून टाकतो. थेट जोडणीचा ट्रॅक प्रत्येक वेळी घ्यावाच. माइक लावायचा तो त्याच्या जोडीला, आणि तोही कॅबिनेट, म्हणजे स्पीकरची पेटी, व खोली त्या लायकीची असेल तरच. दोन्ही घेतले, तर त्या दोन ट्रॅकमध्ये पडणारे मिलिसेकंदाचे अंतर हीच सगळ्यांत जास्त लक्ष देण्याची गोष्ट आहे. माइक कोणत्या कंपनीचा आहे, हा प्रश्न त्यानंतर येतो.

वाद जुना आहे आणि दोन्ही बाजूंना मोठी नावे आहेत. डेट्रॉइटमधल्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत १९६०च्या दशकात बेसवादक जेम्स जेमरसन यांची फेंडर प्रिसिजन बेस थेट जोडणीनेच ध्वनिमुद्रित होत असे. क्लबात वाजवताना ते ॲम्पेगचा बी-१५ ॲम्प वापरत, पण स्टुडिओतल्या त्या गोल, ठसठशीत आवाजामागे ॲम्प नव्हता. जुन्या फ्लॅटवाउंड, म्हणजे सपाट गुंडाळीच्या गुळगुळीत तारा आणि उजव्या हाताची एकच तर्जनी होती. याउलट लंडनच्या ॲबी रोडवरील ईएमआय स्टुडिओत १९६६ साली ध्वनिमुद्रक जेफ एमेरिक यांनी बीटल्सच्या पॉल मॅकार्टनी यांच्या बेसच्या ॲम्पसमोर माइकऐवजी चक्क एक लाउडस्पीकर ठेवला आणि त्याच्या पडद्याकडून माइकचे काम करून घेतले. खर्जातली लाट टिपायला तेवढा मोठा पडदा बरा पडेल, असा त्यामागचा तर्क होता. पुढे १९६९मध्ये ॲम्पेगचा ३०० वॅटचा एसव्हीटी हा ॲम्प आला, आणि दहा इंची आठ स्पीकरांच्या उंच कॅबिनेटपुढे उभा केलेला माइक हे रॉक ध्वनिमुद्रणातले नेहमीचे दृश्य झाले. या उदाहरणांवरून कोणती पद्धत श्रेष्ठ ते ठरत नाही. गाण्याला काय हवे होते तेवढे कळते.

आधी वाद्य

थेट जोडणी काहीच लपवत नाही. ॲम्पचा स्पीकर साधारणपणे चार-पाच हजार हर्ट्झच्या वरचा आवाज फारसा बाहेर टाकत नाही, त्यामुळे तारेवर घसरणाऱ्या बोटांची करकर आणि फ्रेटवर आपटणाऱ्या तारेची खरखर त्यातून गाळली जाते. डीआयमध्ये मात्र हे सगळे जसेच्या तसे उतरते. तानपुऱ्याला जवारी हवी असते आणि ती मुद्दाम लावावी लागते. बेस गिटारला ती नको असते, तरी मान थोडी वाकली की आपोआप लागते. म्हणून ध्वनिमुद्रणाच्या आदल्या दिवशी प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर सावकाश वाजवून पाहावी आणि जिथे खरखर ऐकू येईल तिथे तारांची उंची किंवा मानेतल्या सळईचा ताण दुरुस्त करून घ्यावा. नव्या तारा लावायच्या असतील तर त्याही आदल्या दिवशीच लावाव्यात, म्हणजे त्यांची ताणण्याची हौस रात्रीतून फिटते. सूर प्रत्येक टेकच्या आधी जुळवावा. बेसचा सूर पाव पडदा उतरला तरी श्रोत्याला बेस नव्हे, गायकच बेसूर वाटू लागतो.

बेस गिटार ॲक्टिव्ह असेल, म्हणजे तिच्यात ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारे सर्किट असेल, तर बॅटरी नवी घालावी. उतरलेल्या बॅटरीमुळे जोरदार स्वरांना जी फाटकी किनार येते ती ऐकताना गेन, म्हणजे इंटरफेसवर संकेत वाढवण्याचे प्रमाण, जास्त झाल्यासारखी वाटते आणि माणूस तासभर चुकीच्या बटणाशी खेळत बसतो. अशा बहुतेक गिटारांत केबल खोचलेली असेपर्यंत बॅटरी खर्ची पडत राहते, हेही लक्षात ठेवावे.

थेट जोडणी कशी करावी

बॅटरी नसलेल्या, म्हणजे पॅसिव्ह बेस गिटारच्या पिकअपमध्ये, म्हणजे तारांचे कंपन टिपणाऱ्या भागात, बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. त्यातून येणारा विद्युत संकेत नाजूक असतो, कारण त्याचा इम्पिडन्स, म्हणजे विद्युत प्रवाहाला होणारा विरोध, मोठा असतो. हा संकेत नीट घ्यायचा तर समोरच्या यंत्राचा इनपुट इम्पिडन्स त्याच्या कितीतरी पट मोठा, साधारण १० लाख ओहम, म्हणजे एक मेगओहम असावा लागतो. मिक्सरच्या किंवा इंटरफेसच्या नेहमीच्या लाइन इनपुटचा इम्पिडन्स अनेकदा १० हजार ओहमच्या आसपास असतो. पॅसिव्ह बेस त्यात खोचली की पातळी खाली बसते, वरचे उपस्वर गिळले जातात आणि आवाज गोधडीखालून आल्यासारखा येतो. ‘डीआय म्हणजे निर्जीव आवाज’ अशी तक्रार करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची खरी तक्रार या चुकीच्या छिद्राबद्दल असते.

आजच्या बहुतेक ऑडिओ इंटरफेसवर निदान एका चॅनेलला ‘इन्स्ट्रुमेंट’ किंवा ‘हाय-झी’ असे बटण असते. ते दाबले की इम्पिडन्सचा प्रश्न सुटतो. घरी एकट्याने ध्वनिमुद्रण करायचे असेल, ॲम्प नसेल आणि केबल पंधरा-वीस फुटांहून लांब नसेल, तर निराळा डीआय बॉक्स, म्हणजे वाद्याचा संकेत माइकच्या इनपुटजोगा करणारी डबी, विकत घेण्याची काहीही गरज नाही. केबल लांबली की तिची धारिता वाढते आणि पॅसिव्ह पिकअपचा वरचा आवाज वाटेतच जिरतो, म्हणून लांबीची ही अट.

डीआय बॉक्स लागतो तो दोन प्रसंगी : इंटरफेस लांब असेल तेव्हा, आणि त्याच वेळी ॲम्पही वाजवायचा असेल तेव्हा. पॅसिव्ह डीआय बॉक्समध्ये एक ट्रान्सफॉर्मर असतो. त्याचे वेढ्यांचे प्रमाण बहुधा १२ला १ या घरातले असते, त्यामुळे इम्पिडन्स १४४ पटींनी बदलतो, पातळी सुमारे २१ डेसिबलने उतरते आणि संकेत संतुलित होऊन एक्सएलआर केबलमधून माइकच्या इनपुटपर्यंत सुखरूप जातो. ॲक्टिव्ह डीआय बॉक्सला वीज लागते, जी त्याला इंटरफेसच्या ४८ व्होल्ट फँटम पॉवरमधून मिळते, आणि त्याचा इनपुट इम्पिडन्स एक मेगओहम किंवा त्याहून जास्त असतो. पॅसिव्ह गिटारला ॲक्टिव्ह बॉक्स आणि ॲक्टिव्ह गिटारला पॅसिव्ह बॉक्स, हा ध्वनिमुद्रकांचा जुना आडाखा आहे. तो काही कायदा नाही, पण त्याने सहसा घात होत नाही. बॉक्सवरच्या ‘थ्रू’ या छिद्रातून दुसरी केबल काढून ती ॲम्पला जोडावी, म्हणजे एकाच वादनाचे दोन ट्रॅक मिळतात.

ॲम्पच्या मागेही अनेकदा डीआय आउटपुट असतो. तिथे ‘प्री’ आणि ‘पोस्ट’ असा खटका असेल तर तो ‘प्री’वर ठेवावा, म्हणजे ॲम्पवरची ट्रेबल-बेसची बटणे फिरवली तरी हा ट्रॅक कोरा राहील. कोरा ट्रॅक नंतर कसाही रंगवता येतो. एकदा रंगवलेला पुसता येत नाही.

पातळीबद्दल एवढेच पाहावे की सगळ्यांत जोरदार स्वराला मीटर उणे १२ ते उणे १० डेसिबलच्या आसपास पोचतो. २४ बिटमध्ये ध्वनिमुद्रण करत असताना मीटर शून्याला भिडवण्यात काहीच लाभ नसतो. स्लॅप, म्हणजे तारांवर अंगठ्याचे फटके मारून, वाजवणार असाल तर गेन ठरवताना स्लॅपच वाजवावा, बोटांनी हळुवार वाजवून ठरवलेला गेन अंगठ्याच्या पहिल्याच फटक्याला फुटतो.

घरघर आणि जी स्वर

भारतातली वीज ५० हर्ट्झची आहे, आणि ई तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा जी स्वर ४९ हर्ट्झचा आहे. या दोघांमध्ये एका हर्ट्झचे अंतर असल्यामुळे विजेची घरघर ट्रॅकमध्ये शिरली तर ती नंतर फिल्टरने कापण्याचा मार्ग बेसपुरता जवळजवळ बंद असतो, कारण ५० हर्ट्झ कापताना जी स्वराचा पायाच कापला जातो. अमेरिकेतली वीज ६० हर्ट्झची. तो आकडा ए शार्प आणि बी या दोन स्वरांच्या मध्ये पडतो, म्हणून तिकडच्या मार्गदर्शनात हा उपाय थोडा सोपा करून सांगितलेला आढळतो. आपण घरघर उगमापाशीच थांबवावी.

आधी लॅपटॉपचा चार्जर काढून पाहावा. निम्म्या वेळा घरघर तिथेच संपते. नंतर गिटार हातात धरून जागच्या जागी हळूहळू वळावे, कारण सिंगल कॉइल पिकअप एखाद्या दिशेला तोंड असताना ट्यूबलाइटचा किंवा ॲडॅप्टरचा उपद्रव जास्त ओढून घेतात आणि दुसऱ्या दिशेला गप्प बसतात. जॅझ बेससारख्या गिटारमध्ये दोन्ही पिकअप सारख्याच आवाजावर ठेवले की त्यांची घरघर परस्परांना छेदते. १९५७पासूनच्या प्रिसिजन बेसच्या दुभागलेल्या पिकअपमध्ये ही सोय मुळातच आहे. ॲम्प आणि इंटरफेस दोन्ही जोडल्यावरच घरघर येत असेल, तर तो अर्थिंगचा फेरा असतो, म्हणजे दोन्ही यंत्रे दोन वाटांनी अर्थला जोडली गेलेली असतात, आणि त्यासाठी डीआय बॉक्सवर ‘ग्राउंड लिफ्ट’ हा खटका दिलेला असतो. ॲम्पच्या प्लगची अर्थिंगची पिन मोडून किंवा तिला टेप गुंडाळून घरघर थांबवण्याची क्लृप्ती काही जण अजूनही सांगतात. ती जिवाशी खेळण्याची क्लृप्ती आहे आणि ती कधीही करू नये.

माइक लावण्याआधी खोलीकडे पाहावे

बारा फूट लांबीच्या खोलीचा मूळ अनुनाद सुमारे ४७ हर्ट्झवर येतो आणि दहा फूट रुंदीचा सुमारे ५६ हर्ट्झवर. म्हणजे त्या खोलीत एफ शार्प आणि ए हे स्वर गुमगुमतील आणि त्यांच्या शेजारचे स्वर दबलेले वाटतील. वादकाचा हात सारखाच पडत असला तरी ट्रॅक मात्र वरखाली होईल. भिंतींना फोमचे पातळ तुकडे चिकटवून यात काडीचाही फरक पडत नाही, कारण दोन इंची फोम एवढ्या लांब लाटेला दिसतही नाही. कॅबिनेट कोपऱ्यातून बाहेर काढणे, जमिनीवरून उचलून भक्कम स्टुलावर ठेवणे आणि आवाज बेताचा राखणे हे तीन उपाय फुकट आहेत आणि त्यांचा परिणाम फोमपेक्षा जास्त होतो. बेताच्या आवाजाचा दुसरा फायदा शेजाऱ्यांना होतो. भिंतीपलीकडे गिटारवादकाचा सोलो पोचत नाही, पण बेसचा खर्ज दोन मजले उतरून जातो.

माइक उघडण्याआधी ई तारेपासून एकेक स्वर चढत सगळे फ्रेट सावकाश वाजवावेत आणि घरात काय काय थरथरते ते हेरावे. काचेचे तावदान, कपाटाचे सैल दार, मांडणीवरची स्टीलची ताटे, पंख्याची कटोरी, प्रत्येकाचा एक ठरलेला स्वर असतो आणि तो आला की ती वस्तू गाऊ लागते. एकदा ऐन टेकमध्ये दर बी फ्लॅटला येणारी किणकिण मी गिटारच्या पिकअपमध्ये शोधत होतो, आणि ती देवघरातल्या घंटेची निघाली.

माइक कोठे आणि किती अंतरावर

टॉर्चच्या प्रकाशात जाळीतून पाहून स्पीकरचा मध्य शोधावा. मधल्या टोपीसमोर माइक धरला की आवाज उजळ आणि टोकदार येतो, कडेकडे सरकवत नेला की तो मऊ व गडद होत जातो. टोपीची कड आणि शंकूची बाहेरची कड यांच्या मधोमध, जाळीपासून पाच ते दहा सेंटीमीटरवर माइक ठेवून सुरुवात करावी, हेडफोन लावून कोणाकडून तरी वाजवून घ्यावे आणि माइक एका वेळी दोन-दोन सेंटीमीटरच हलवावा. एवढ्याशा हालचालीने होणारा बदल इक्वलायझरची चार बटणे फिरवूनही मिळत नाही. कॅबिनेटमध्ये अनेक स्पीकर असतील तर प्रत्येकासमोर माइक धरून त्यातल्या त्यात चांगला एक निवडावा. लहान ट्वीटर असेल तर तो बंद करावा, तेवढा उजाळा डीआयमध्ये आहेच.

एका गोष्टीकडे सहसा दुर्लक्ष होते. पुष्कळ बेस कॅबिनेटना समोर किंवा मागे एक झरोका असतो. कॅबिनेट ज्या वारंवारितेला जुळवलेले असते तिथे स्पीकरचा पडदा जवळजवळ हलत नाही आणि खर्जाचा मोठा भाग त्या झरोक्यातून बाहेर पडतो. स्पीकरच्या अगदी तोंडाशी लावलेला माइक हा भाग गमावतो, आणि मग ‘ॲम्पसमोर उभे असताना एवढा दणका होता, ट्रॅकमध्ये तो का नाही’ असा प्रश्न पडतो. यावर माइक वीस-तीस सेंटीमीटर मागे घेता येतो, पण मग खोली आत येऊ लागते. लहान खोलीत म्हणून मी माइक जवळच ठेवतो आणि तळाचा खर्ज डीआयकडून घेतो.

माइकच्या निवडीत अडकून पडू नये. इलेक्ट्रो-व्हॉइसचा आरई २०, एकेजीचा डी ११२, शुअरचा बीटा ५२ए आणि सेन्हायझरचा एमडी ४२१ हे बेसच्या ॲम्पसमोर नेहमी दिसणारे डायनॅमिक माइक आहेत. कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचा आवाज घेणारा माइक उगमाच्या जवळ नेला की खर्ज आपोआप फुगतो. आरई २०ची रचना हा फुगवटा टाळण्यासाठीच केलेली आहे, म्हणून तो जवळ-दूर केल्यावर आवाजाचा पोत फारसा बदलत नाही. यांतले काहीच हाताशी नसेल आणि गायकाचा किंवा गिटारचा एसएम ५७ तेवढा असेल, तर तोही चालतो, कारण जोडीला डीआय असताना माइककडून आपल्याला तळ नको असतो. आपल्याला हवे असते ते साधारण २०० ते २,००० हर्ट्झमधले स्पीकरचे गुरगुरणे, आणि ते एसएम ५७ चोख देतो. मोठ्या डायफ्रॅमचा कंडेन्सर लावायचा असेल तर त्यावरचे पॅड, म्हणजे पातळी उतरवणारा खटका, चालू करावे.

माइक पक्का झाला की स्टँडच्या तिन्ही पायांभोवती जमिनीवर चिकटपट्टीने खुणा कराव्यात आणि जाळीपासूनचे अंतर मोजून लिहून ठेवावे. याचा उपयोग पुढच्याच टप्प्यात होतो.

दोन ट्रॅकमधला वेळ

मी पहिल्यांदा डीआय आणि माइक एकत्र घेतले तेव्हा दोन्ही ट्रॅक सुटे ऐकताना भरदार वाटत होते आणि एकत्र लावले की बेस गायब होत होती. इक्वलायझरने खर्ज वाढवण्यात अख्खी दुपार गेली. दोष मी स्वतः झाळलेल्या एक्सएलआर केबलमध्ये होता. दुसऱ्या आणि तिसऱ्या पिनच्या तारांची अदलाबदल झाल्यामुळे माइकचा ट्रॅक पूर्ण उलटा येत होता, म्हणजे डीआयची लाट वर जाताना त्याची खाली जात होती.

दोन ट्रॅकमध्ये दोन वेगवेगळ्या तऱ्हेचे बिघाड होऊ शकतात आणि त्यांची लक्षणेही वेगळी असतात. पोलॅरिटी, म्हणजे लाटेची वर-खाली जाण्याची दिशा, उलटी असेल तर खर्ज नाहीसा होतो. वेळेचे अंतर असेल तर खर्ज शाबूत राहतो, पण मधला आवाज पोकळ, नळीतून आल्यासारखा होतो. याचे गणित सोपे आहे. केबलमधला संकेत क्षणार्धात पोचतो, तर हवेतला आवाज सेकंदाला सुमारे ३४५ मीटर चालतो. माइक स्पीकरच्या पडद्यापासून ३० सेंटीमीटरवर असेल तर त्याचा ट्रॅक डीआयच्या ०.८७ मिलिसेकंद मागे पडतो. ४८ हजार सॅम्पल रेटला, म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने घेताना, हे अंतर ४२ सॅम्पल होते. एवढ्या उशिराने दोन सारखे आवाज मिसळले की सुमारे ५७५ हर्ट्झला ते एकमेकांना पुसतात, तिप्पट आणि पाचपट वारंवारितेलाही पुसतात, आणि मधल्या जागी एकमेकांना वाढवतात. ४१ हर्ट्झच्या लाटेला मात्र एवढा उशीर जाणवत नाही, कारण तिच्या एका फेऱ्याला २४ मिलिसेकंद लागतात.

उपाय असा करावा. प्रत्येक ध्वनिमुद्रणाच्या आरंभी तारा तळहाताने दाबून पिकने एक कोरडा, टोकदार ठोका वाजवावा. नंतर सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही ट्रॅक एकाखाली एक लावून तो ठोका मोठा करून पाहावा आणि दोन लाटांच्या आरंभबिंदूंमधले अंतर सॅम्पलमध्ये मोजावे. माइकचा ट्रॅक तेवढाच पुढे ओढावा. मग दोन्ही ट्रॅक सारख्या पातळीवर आणि मोनोमध्ये ऐकत एकाच्या पोलॅरिटीचे बटण दाबून-सोडून पाहावे, आणि ज्या स्थितीत खर्ज जास्त भरेल ती कायम करावी.

डोळ्यांनी जुळवलेले एवढ्यावर सोडू नये. स्पीकर, कॅबिनेट आणि माइक हे तिघेही आपापल्या परीने लाटेचा फेज, म्हणजे तिच्या चढउताराची वेळ, फिरवत असतात, आणि तोही प्रत्येक वारंवारितेला वेगवेगळा, त्यामुळे पडद्यावर तंतोतंत जुळलेला ट्रॅक कानाला सर्वांत चांगला वाटेलच असे नाही. त्यासाठी एक उलटी युक्ती आहे. एका ट्रॅकची पोलॅरिटी मुद्दाम उलटी करावी, माइकचा ट्रॅक दोन-चार सॅम्पलने मागेपुढे सरकवत राहावे आणि आवाज जिथे अगदी कृश, जवळजवळ नाहीसा होईल ती जागा शोधावी. तिथे पोलॅरिटी परत सुलटी केली की तीच जागा सर्वांत भरदार असते. भरलेपणा नेमका कोठे आहे यापेक्षा रितेपणा कोठे आहे हे कानाला चटकन कळते, म्हणून ही युक्ती फळते.

माइक हलला नसेल तर सापडलेला आकडा त्या दिवशीच्या सगळ्या टेकना लागू पडतो. चिकटपट्टीच्या खुणा त्यासाठीच होत्या. मागाहून एखादी ओळ दुरुस्त करायला बसलात आणि माइक पुन्हा लावावा लागला, तर ठोका पुन्हा वाजवावा.

मिसळताना

माझी नेहमीची रीत अशी की डीआय हा कणा धरावा आणि माइक त्याच्यावर हळूहळू चढवत न्यावा. माइकच्या ट्रॅकवरून १०० हर्ट्झच्या खालचे सौम्य उताराच्या फिल्टरने काढून टाकले की खोलीचा गुमगुमाट आणि दोन ट्रॅकमधले खर्जाचे भांडण दोन्ही मिटतात. फिल्टरही फेज थोडा फिरवतो, म्हणून तो लावल्यावर पोलॅरिटीचे बटण पुन्हा एकदा दाबून पाहावे. कम्प्रेसर, म्हणजे जोरदार स्वर दाबून पातळी सारखी करणारे साधन, डीआयवर लागतो. चाराला एक प्रमाण, वीस-तीस मिलिसेकंदांचा अटॅक, म्हणजे दाब सुरू होण्याआधीचा अवधी, आणि जोरदार स्वरांना चार-पाच डेसिबलची दाब, एवढ्यावर सुरुवात करता येते. माइकच्या ट्रॅकला बहुधा त्याची गरज नसते, ॲम्प आणि स्पीकरने ते काम आधीच केलेले असते.

गाण्यात तबला किंवा ढोलकी असेल तर हिशेब थोडा बदलतो. डग्ग्याचा घुमारा आणि बेसचा खर्ज एकाच पट्ट्यात वावरतात आणि डग्गा तर स्वर घसरवतोही. अशा गाण्यात ४० ते ८० हर्ट्झचा तळ डीआयला द्यावा, डग्ग्याला त्याच्या वरची जागा मोकळी ठेवावी आणि बेसची चाल कळावी म्हणून माइकचा ७०० ते १,००० हर्ट्झचा भाग थोडा उचलावा. मोबाइलचा स्पीकर खालचे दोन सप्तक जवळजवळ वाजवतच नाही, तरी वरचे उपस्वर ऐकून मेंदू मूळ स्वर स्वतः भरून काढतो. हे उपस्वर पुरवण्याचे काम माइकचा ट्रॅक करतो. नुसती डीआय असलेली मऊ, फ्लॅटवाउंड तारांची बेस मोठ्या स्पीकरवर सुंदर वाटते आणि मोबाइलवर ती अजिबात नसते.

ॲम्प नसेलच, तर डीआयच्या ट्रॅकची प्रत काढून तिच्यावर सॉफ्टवेअरमधला ॲम्प किंवा कॅबिनेटचा इम्पल्स रिस्पॉन्स, म्हणजे तिच्या आवाजाचा मोजून घेतलेला ठसा, लावावा आणि तिला माइकच्या ट्रॅकसारखेच वागवावे. वेळेची तपासणी इथेही चुकत नाही, कारण काही प्लगइन स्वतःचा उशीर लावतात आणि सॉफ्टवेअर तो दर वेळी पूर्णपणे भरून काढतेच असे नाही.

दुसरा मार्ग रीॲम्पिंगचा. घरी रात्री शांतपणे वाजवलेला कोरा डीआय ट्रॅक नंतर एखाद्या चांगल्या खोलीत नेऊन, इंटरफेसच्या लाइन आउटपुटमधून रीॲम्प बॉक्समार्गे खऱ्या ॲम्पमध्ये सोडायचा आणि तिथे माइक लावायचा. वादक तेव्हा हजर असण्याची गरज नसते, त्यामुळे माइकची जागा शोधायला हवा तेवढा वेळ मिळतो. रीॲम्प बॉक्स डीआयचे काम उलट्या दिशेने करतो, म्हणजे लाइनची पातळी उतरवून आणि इम्पिडन्स वाढवून ॲम्पला समोर गिटारच आहे असे भासवतो. तो नसेल तर ट्रान्सफॉर्मरवाला पॅसिव्ह डीआय बॉक्स उलटा जोडूनही काम भागते, मात्र आउटपुटची पातळी अगदी खालून हळूहळू वाढवावी आणि ॲम्प व्हॉल्व्हचा असेल तर त्याला स्पीकर जोडलेला आहे याची खात्री केल्याशिवाय तो चालू करू नये. स्पीकरविना चालवलेल्या व्हॉल्व्ह ॲम्पचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.